ओक-बुनच्या हातचा जोर

येओंगदो बेटाच्या चढावरच्या सार्वजनिक हमामात ओक-बुनचा हात फिरला, की घरून आंघोळ करून आलेल्या बाईच्याही अंगावरून मळाच्या सुरळ्या निघत. जितक्या सुरळ्या जास्त तितकी आंघोळ खरी, हे इथल्या बायकांचं शास्त्र. हातात अंग घासायची खरखरीत हिरवी पिशवी चढवून सव्वीस वर्षं ओक-बुन ही कीर्ती घासत आली होती.

या हिवाळ्यात मात्र उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ येऊ लागली. जवाच्या चहाचा पेला उचलवेना, टॉवेल पिळवेना. ओक-बुनने भाताच्या कुकरला दोष दिला, उशीला दिला, नणंदेच्या नजरेलाही दिला. घासण्याला दोष द्यायचा तेवढा राहिला. कोपरावर चार औषधी पट्ट्या चिकटवल्या, सुया टोचून घेतल्या आणि दुखतंय म्हणून दुप्पट त्वेषाने घासायला लागली. धास्ती वेगळीच होती. नव्या वर्षाचा सण आठवड्यावर आलेला. सणाआधी अख्खं बेट अंग घासून घ्यायला येतं. हात ढिला पडल्याचं कळलं असतं, तर मालकीण तिचं घासायचं टेबल दुसरीला देऊन मोकळी झाली असती.

शेवटी ती गल्लीतल्या हे-जिन फिजिओथेरपिस्टकडे गेली. या हे-जिनला लहानपणी ओक-बुननेच रडेपर्यंत घासलं होतं. तिने बरोब्बर दुखरी जागा दाबून जुना हिशोब चुकता केला.

“मावशी, मनगट उचलणारे स्नायू इथे दोरासारखे हाडाला धरलेले असतात. तोच हिसका रोज हजारदा बसला की तो दोर विरत जातो. पट्ट्यांनी तो सांधत नाही, नुसतं पडून राहूनही नाही. हात टेबलाच्या कडेला पालथा टेकवायचा, मुठीत पाण्याची लहान बाटली धरायची आणि मनगट हळूहळू खाली सोडायचं. रोज. महिने लागतील. घासताना मनगट सरळ ठेवा, जोर कमी लावा. आणि बायकांना आधी वीस मिनिटं गरम पाण्यात भिजू द्या.”

“काल नाक पुसायला शिकलीस, आज मला घासायला शिकवतेस?” ओक-बुन तणतणत निघून गेली.

सणाच्या दोन दिवस आधी बांगबाई सुनेला घेऊन आल्या. मासळीच्या लिलाववाल्याची बायको. पाण्यात जेमतेम पाच मिनिटं बसायच्या आणि टेबलावर आडव्या होऊन ‘हात चालव’ म्हणून ओरडायच्या. पहिल्याच फटक्याला ओक-बुनची कळ मस्तकात गेली, पिशवी गळून पडली. मालकीण दारातून बघत होती.

“ताई, अंग भिजलेलंच नाही तुमचं. मी हाक मारेपर्यंत पाण्यात बसा बघू,” ओक-बुनने वेळ मारून नेली.

कळ ओसरायला अर्धा तास गेला. मग मनगट सरळ धरून, भीत भीत, तिने नुसता हात फिरवला. शेवया पडाव्यात तशा सुरळ्या पडल्या.

“बघा!” बांगबाई मालकिणीला ऐकू जाईल अशा बेताने ओरडल्या. “याला म्हणतात जोर! इतकी वर्षं नुसती गोंजारत होतीस, मेले!”

ओक-बुनच्या डोळ्यांत पाणी आलं. सव्वीस वर्षं कोपर झिजवलं तिने, आणि काम करणारं होतं गरम पाणी. तिला स्वतःचाच संताप आला. दारातली मालकीण मात्र मान डोलावून आत गेली होती.

“आता माझ्या सुनेलाही अस्संच घास,” बांगबाई म्हणाल्या.

ओक-बुनने डोळे पुसले, हे-जिनने सांगितलं तसा हात टेबलाच्या कडेला पालथा टेकवला आणि जवळची पाण्याची लहान बाटली मुठीत धरली.

“ए सूनबाई, अर्धा तास पाण्यात जाऊन बस,” ती दरडावून म्हणाली. “मला जोर गोळा करू दे.”