धोंडीबाची लाल मांडी

"आजी, याला तुम्हीच आजारी पाडलंय," मोताळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले.

माझ्या हातात श्रीखंडाचा रिकामा डबा होता, डब्यात ओलं फडकं आणि फडक्यावर माझा बेडूक. बाहेर बाकावर बकऱ्या, वासरं घेऊन बसलेले लोक मघापासून हसत होते. दार उघडंच होतं. डॉक्टरांचं वाक्य ऐकून दोघं-तिघं दारातून डोकावले.

ज्यांच्या न्हाणीत किंवा माठाखाली एखादा बेडूक मुक्कामाला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. हसा, पण वाचा.

धोंडीबा दोन वर्षांपूर्वी मोरीतून घरात आला आणि गेलाच नाही. मी त्याला फुटक्या घमेल्यात पाणी भरून दिलं. संध्याकाळी ओसरीतल्या दिव्याखाली किडे खायचा, दिवसा घमेल्यात बसून माझी बडबड ऐकायचा. घरात दुसरं कोणी एवढं ऐकून घेत नाही.

यंदा उन्हाळा सरता सरता त्यानं खाणं सोडलं. मग मांड्या आतून लाल दिसायला लागल्या, कुणी चिमटे काढल्यासारख्या. मी खोबरेल तेलात हळद कालवली आणि त्याला मानेपासून पायापर्यंत चोपडली. माझी चार लेकरं याच लेपावर वाढली आहेत.

सुनंदा, माझी सून, बघत होती. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. म्हणाली, "आत्या, हळद काऊन लावता त्याले? लगन हाय का त्याचं?"

"तुले काय समजते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याचं पोट फुग्यासारखं झालं आणि तो उताणा पडला. तसाच डब्यात घालून मी मोताळ्याची बस पकडली.

डॉक्टरांनी समजावलं. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो. श्वाससुद्धा बराचसा कातडीनंच घेतो. "तुम्ही तेल लावलं म्हणजे त्याच्या तोंडावर उशी दाबली. पाणी कुठलं देता?"

हे मी ऐटीत सांगितलं. आमच्या गावात नळ दहा-बारा दिवसांनी येतो. पाणी ड्रममध्ये भरून ठेवायचं आणि वर तुरटी फिरवायची. माझ्या ड्रमचं पाणी काचेसारखं असतं. घरातल्या माणसांना जे पाणी, तेच धोंडीबाला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे इतके दिवस हा तुरटीत मुरतोय."

आजाराचं नाव रेड लेग, म्हणजे लाल पाय. नाव साधं आहे, आजार नाही. कातडी खराब झाली की पाण्यातले जंतू आत शिरतात आणि रक्तात पसरतात. त्याला सेप्टिसेमिया म्हणतात, रक्तच नासतं. पोट फुगलं होतं त्याला एडिमा म्हणतात. कातडीचं दार मोडलं की पाणी आत येत राहतं, बाहेर जात नाही.

"वाचन का हा?" मी विचारलं.

"आजी, मी गाई-म्हशींचा डॉक्टर. कॉलेजात बेडूक कापला होता, वाचवला कधी नाही." तरी त्यांनी शहरातल्या एका मित्राला फोन लावला आणि कागदावर सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, "खोटं सांगत नाही. बहुतेक जाईल. पण करून बघू."

त्यांनी सांगितलं ते असं. शेतातल्या विहिरीचं पाणी गाळून एक दिवस उघडं ठेवायचं, तेच वापरायचं, सकाळ-संध्याकाळ बदलायचं. हात साबणाचे नकोत, कोरडे नकोत. अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारं औषध, बिनसुईच्या सिरिंजनं रोज एक थेंब पाठीवर सोडायचा. तोंड उघडायची गरज नाही, कातडीच गिळते.

तिसऱ्या दिवशी कांद्याचा पापुद्रा निघावा तशी कातडी निघाली. चौथ्या दिवशी डावा डोळा पांढरा झाला. डब्याला वास यायला लागला. पाचव्या दिवशी हात लावला तर हलला नाही. मी त्याच्या गळ्याखाली बोट धरून बसले. खूप वेळानं गळा एकदा हलला.

त्याच सकाळी सुनंदानं परसात हातभर खड्डा खणलेला दिसला. विचारलं तर म्हणाली, "कढीपत्ता लावाचा हाय, आत्या." तिच्या हातात कढीपत्त्याचं रोप नव्हतं.

त्या दिवसांत मला माझ्या माहेरची, जानेफळची, एक नऊ वर्षांची पोरगी आठवत राहिली. दोन वेण्या, गळकं नाक आणि ऐट तहसीलदाराची. पाऊस लांबला की आमच्याकडे धोंडी काढतात. मुसळाच्या मधोमध कडुनिंबाच्या पाल्यात बेडूक बांधायचा, दोघींनी मुसळ खांद्यावर घ्यायचं आणि घरोघर फिरायचं. बाया त्यावर पाणी ओततात. त्या वर्षी पुढची मानकरी ती होती. देवाचा बेडूक सुटू नये म्हणून तिनं सुतळी आवळून बांधली, वर आणखी एक गाठ मारली. दुपारभर गाव फिरली. पाऊस आपल्याच हुकमात आहे असं वाटत होतं तिला.

शेवटच्या घराआधी पाला बाजूला करून बघितलं. सुतळी पोटात रुतली होती. बेडूक केव्हाच मेला होता.

पोरगी हुशार. मेलेला उकिरड्यात टाकला, विहिरीकाठचा दुसरा धरून बांधला आणि कोणाला सांगितलं नाही. चार दिवसांनी पाऊस आला. बायांनी तिच्या हातावर गूळ ठेवला. तिनं तो खाल्ला, वर अजून मागितला.

ती पोरगी म्हणजे मीच. साठ वर्षं हे कोणाला सांगितलं नव्हतं. धोंडीबा हे नाव कुठून आलं, हेही घरात कोणाला माहीत नव्हतं.

सहाव्या दिवशी सूज थोडी उतरली. आठव्या दिवशी मी रेशनकार्डाच्या जुन्या पाकिटाची पट्टी कापून तिच्या टोकानं त्याचं तोंड उघडलं आणि गांडुळाचा तुकडा आत ठेवला. त्यानं तो थुंकून टाकला. दुसऱ्यांदा गिळला. पण मागचा उजवा पाय दोरीसारखा ओढला जात होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, "तो पाय आता येणार नाही. आणि स्वतःहून खायला लागला नाही, तर असं भरवून किती दिवस जगणार?"

अकराव्या दिवशी माझी धाकटी जाऊ कमल चार बाया घेऊन दारात आली. पेरण्या होऊन पाऊस गायब झाला होता.

"बाई, तुमच्या घरी आयता बेडूक हाय म्हणे. धोंडी काढाची हाय."

"बिमार हाय तो."

"मरतच असन तं देवाच्या कामी तरी येऊ द्या."

तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. नऊ वर्षांची मी हेच बोलले असते. मी पायरीवर बसले आणि त्या पाचजणींना सुतळीची गोष्ट सांगितली. गुळासकट. सुनंदा दारामागून ऐकत होती.

मग मी म्हटलं, "मले बांधा."

कमल म्हणाली, "तुमाले? मुसळ मोडन ना, बाई."

शेवटी मुसळाला नुसता पाला बांधला. एक टोक कमलच्या खांद्यावर, दुसरं माझ्या. कंबरेला, डोक्याला कडुनिंब. गाव फिरले. गुडघे बोंबलत होते. बायांनी आपापल्या ड्रममधलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं, काहींनी जरा जास्तच जोरात.

घरी आले, विहिरीच्या पाण्यानं हात धुतले आणि डब्यावर वाकले. डोक्यावरच्या पाल्यातून एक हिरवा नाकतोडा डब्यात पडला. धोंडीबा बराच वेळ बघत बसला. मग जीभ आली आणि नाकतोडा गेला.

"खाल्लं का?" सुनंदानं विचारलं.

"हाव."

ती परसात गेली आणि शेजारणीकडून आणलेलं कढीपत्त्याचं रोप त्या खड्ड्यात लावून आली.

धोंडीबा जगला, पण पूर्ण नाही. एक डोळा गेला, एक पाय गेला, उडी गेली. आता तो घमेल्याबाहेर जगू शकणार नाही. डॉक्टरांचे आणि त्या न पाहिलेल्या मित्राचे उपकार आहेत. तुमच्याकडे असं झालं तर तेल लावू नका, तुरटीचं पाणी देऊ नका, आणि आपल्याला सगळं समजतं असं वाटलं की आधी कोणाला तरी विचारा.

लोक विचारतात, एका बेडकासाठी एवढं कशाला? मी धोंडीबाकडे बोट दाखवते. त्या पहिल्याला तर मी नावसुद्धा ठेवलं नव्हतं.