मैनुद्दीनचं टायर आणि अध्यक्षांचा अंगठा

मैनुद्दीनला राग यायला कारण लागायचं नाही; पण शहाऐंशीच्या दुष्काळात कारणंच रांग लावून त्याच्या दुकानात येत होती. दुकान म्हणजे बीडकडच्या डोंगरात, घाटाखालच्या गावी, दूध सोसायटीच्या ऑफिससमोर लिंबाला टेकवलेला एक पत्रा. त्याखाली पंक्चर काढता काढता तो सरकार, पंचायत आणि सायकल कंपन्या या सगळ्यांची खरडपट्टी काढायचा. पंक्चरचे पैसे पडायचे, खरडपट्टी फुकट.

त्या साली चारा संपला, बैल बाजारात गेले आणि गाड्या जू टेकून बसल्या. मग वरच्या वाडीचं दूध खाली आणायचं कसं? सोसायटीनं ठराव केला, सायकलीवर. ठरावाला हात वर करणाऱ्यांपैकी एकानंही त्या घाटातून सायकल ढकलतसुद्धा नेली नव्हती. एरवी पावसानं दबून बसणारा मुरूम कोरडा पडून मोकळा झाला होता; ज्वारीच्या राशीवर पाय द्यावा तसा सरकायचा. त्यावरून धोंडीराम रोज सकाळी दुधाचे दोन कॅन बांधून उतरायचा. महिन्यात तीनदा पडला. गुडघा फुटला, कोपर सोललं. सोसायटीच्या वहीत मात्र नोंद झाली, ‘धोंडीरामाचा हलगर्जीपणा. पुन्हा दूध सांडल्यास कामावरून कमी.’

“हलगर्जीपणा?” मैनुद्दीन पाना आपटून ओरडला. “त्या गुळगुळीत टायरवर अध्यक्षाला बसवा म्हणावं बे! बघू कुठं जाऊन पडतो ते.”

“मैनुभाई, हळू बोला,” धोंडीराम समोरच्या ऑफिसकडं बघत म्हणाला. “एवढं एकच काम हाय मला.”

“तू हळू बोलतोस म्हणून तर वहीत तुझं नाव हाय!”

आणि मैनुद्दीननं घाटाचं टायर करायला घेतलं. झिजल्या टायरवर नवं रबर चढवणाऱ्या बीडच्या रिमोल्डवाल्याकडून रबराच्या पट्ट्या आणल्या, चांभाराची रापी मागून आणली आणि पकड यावी म्हणून उंच उंच बटणं कापून जुन्या टायरवर चिकटवली. पहिल्याच वळणावर बटणं वाकली, दोन उडून बाभळीत गेली. दुसऱ्या खेपेला बुटकी आणि दाट बसवली, तर फटींत खडे अडकून टायर पुन्हा होतं तसं गुळगुळीत.

“अजी, जात्याला टाकी लावल्यासारखं काय करून राहिले?” त्याची बायको बीबीजान भाकरी घेऊन आली की विचारायची. “ते टायर सायकलीला बसंल तवा बसंल, तुमी आदी जेवायला बसा.”

उत्तर सापडलं ते सटवा मेंढक्याच्या पायात. त्या घाटात सटवा मेंढरांमागं पळायचा, पण कधी घसरायचा नाही. मैनुद्दीननं त्याला रस्त्यात अडवून चप्पल काढून घेतली. टायरच्याच तळाची चप्पल. कडा पार झिजलेल्या, मधला भाग जवळजवळ कोरा. म्हणजे वळताना सगळा भार कडेवर येतो! मग त्यानं कडेची बटणं उंच आणि जाड केली, मधली बुटकी ठेवली, खडा निसटून जाईल एवढी जागा सोडली. टायरची चप्पल सगळ्यांनी पाहिली होती. चपलेचं टायर मैनुद्दीननंच काढलं, असं गाव हसलं.

दुष्काळात कॅनमध्ये पाणी भरून बघायची सोय नव्हती. त्यानं मुरूम भरला आणि धोंडीरामाला बारा वेळा उतरवलं. त्यात आणखी एक गोष्ट कळली. हवा गच्च भरली की टायर खड्यावरून उडतं. जरा कमी ठेवली की खड्याला कवेत घेतं. तेराव्या खेपेला खरं दूध, आणि खऱ्या दुधाला सोसायटीच्या समितीची हजेरी.

अध्यक्ष बंकटराव सकाळीच वाडीत पोचले. मैनुद्दीन खाली, जिथं धोंडीराम दरवेळी पडायचा त्या वळणावर, डोळे लावून उभा. वर नारळ फुटला, टायरला हळदकुंकू लागलं. एवढ्यावर थांबते तर ते अध्यक्ष कसले? त्यांनी टायरला अंगठा लावला. आपल्याकडं खरबूज असो, टायर असो, अंगठ्याला घट्ट लागलं की पास.

“अरे, ह्याच्यात हवाच न्हाई! राधाकिशन, पंप!”

शिपाई राधाकिशन सोसायटीचा पंप खांद्यावर घेऊनच हिंडायचा. गावात त्याच्या हुकमात तेवढीच एक वस्तू होती. त्यानं छाती फुटेस्तोवर हवा मारली. धोंडीराम नेहमीप्रमाणं हळू बोलला, म्हणजे कुणाला ऐकू गेलं नाही.

वळणावर सायकल उडाली. चाळीस लिटर दूध तहानलेल्या मुरमानं घटकेत पिऊन टाकलं.

“लिहा ठराव,” मागून धापा टाकत आलेले बंकटराव म्हणाले. “धोंडीराम कमी. टायर नापास.”

मैनुद्दीननं टायर दाबलं. दगड.

“हवा कुणी भरली?”

राधाकिशननं अभिमानानं पंप वर केला.

“मी दोन महिने झिजलो, ह्या गरिबानं बारा खेपा हाडं खिळखिळी करून घेतली, आन तुमी एका अंगठ्यात निकाल लावता? सायकल चालवली हाय कदी ह्या घाटात?” बोलता बोलता त्यानं हवा सोडली, हवी तेवढी ठेवली. “आता दूध न्हाई. तुमीच बसा कॅरियरवर. वजन दोन कॅनाला भारी हाय.”

बंकटरावांनी घड्याळ पाहिलं, मीटिंग आठवली. पण जिचंही दूध त्यात सांडलं ती मुक्ताबाई कमरेवर हात ठेवून पुढं झाली.

“बसा की अध्यक्ष. भिता कावून? धोंडबा रोजच उतरतो.”

वाडीतून मागोमाग उतरलेल्या बाया हसल्या, सायकल पुन्हा वळणाच्या वर नेली, आणि अध्यक्षांना बसावंच लागलं. एका हातानं टोपी, दुसऱ्यानं धोंडीरामाचा सदरा धरून, डोळे मिटून ते घाट उतरले. वळणावर सायकल कलली, कडेची बटणं मुरमात रुतली, आणि धोंडीराम अध्यक्षांसकट सरळ बाहेर निघाला. ऑफिससमोर थांबल्यावरही बंकटरावांचे डोळे मिटलेलेच होते.

“खोडा ते नाव,” मागून उतरून आलेला मैनुद्दीन म्हणाला. सेक्रेटरीनं वहीतली हलगर्जीपणाची ओळ खोडली. धोंडीरामानं ती खोडलेली ओळ दोनदा पाहून घेतली.

बंकटरावांनी टोपी नीट केली, घाम पुसला. “टायर बरं हाय,” ते म्हणाले. “पण हवा जरा कमीच वाटती.” आणि त्यांचा अंगठा पुन्हा टायरकडं निघाला.

मैनुद्दीननं राधाकिशनच्या खांद्यावरचा पंप काढून घेतला, बगलेत मारला आणि रस्ता ओलांडून आपल्या पत्र्याखाली जाऊन बसला. सोसायटीनं पंप परत मागायचा ठराव तीनदा केला. आणायला कोण जाणार, हे मात्र एकाही ठरावात लिहिलेलं नाही.