गोठ्यातला टॉवर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. विमान कधी जवळून पाहिलेलं नाही. तरी मागच्या दिवाळीत आठवडाभर मी विमानतळ चालवला, आणि असा चालवला की खरा असता तर पार धामणगाव बढे गावापर्यंत लोकांनी विमानांचं लोखंड वेचलं असतं.

नात विमान चालवायला शिकते. चालवणं तिला जमतं, अडलं होतं बोलण्यावर. पायलटला रेडिओवर बोलण्याची वेगळी परीक्षा असते. परीक्षक टॉवर होतो, म्हणजे विमानांना उतरा, थांबा, असं सांगणारा माणूस. पोरीने पायलटसारखी उत्तरं द्यायची. पुस्तक तिला पाठ, पण परीक्षकाने बाहेरचं एक वाक्य टाकलं की घसा बंद. दोनदा नापास झाली. माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या बापाने, सांगून टाकलं होतं: तिसऱ्यांदा नापास झालीस तर घरी ये आणि आपल्या खताबियाण्यांच्या दुकानात बस.

दिवाळीला ती घरी आली, तेव्हा सरावाला टॉवर हवा होता. घरात रिकामी मीच.

"आजी, तू टॉवर हो. रेडिओवर तोंड दिसत नाई, म्हनून तू गोठ्यात बस, मी गच्चीवर जातो. फोनवर बोलू."

मुलगा म्हणाला, "माय, तू टॉवर असशीन तं मी दुकानात तिची खुर्ची आत्ताच मांडतो."

आधी तिने मला समजावलं की ढगातून विमानाला रस्ता कसा सापडतो. जमिनीवर एक यंत्र असतं, ते रेडिओवर चहूकडे आपली खूण पाठवत राहतं, आणि आपण त्याच्या कोणत्या दिशेला आहोत ते विमानातला काटा दाखवतो. मी म्हटलं, कळलं. पूर्वी पिठाच्या गिरणीचं इंजिन पुकपुक करायचं, त्यावरून शिवारात उभ्या माणसाला गाव कुठे ते कळायचं. नात शाबास म्हणाली. मी तिथेच उठून जायला हवं होतं. पण शाबास ऐकलं की मी फुगते.

मग तिने पढवलेलं मी गोठ्यातून सांगितलं, "खाली ये, तीन हजार फुटावर थांब."

फोनमधून आलं, "खाली येतो, तीन हजार फुटावर थांबतो."

माझं डोकं फिरलं. आमच्याकडे मोठ्यांचे शब्द त्यांनाच परत ऐकवणं म्हणजे वेडावणं.

"वेडावून राह्यली काय वं मले?"

"आजी, नियमच हाय तो! सांगितलेलं परत बोलाव लागते. मंग टॉवरले समजते का पायलटनं बरोबर ऐकलं. नुसतं हाव चालत नाई."

"तुह्या आजोबानं मले जन्मभर नुसतं हाव म्हनलं."

"म्हनूनच ते सांगितलेलं कधी आनत नव्हते."



खरी फजिती पुढे झाली. ती म्हणाली, धावपट्टीवर एक विमान उभं आहे असं धर, आणि मी उतरायची परवानगी मागते. तिने मागितली. मी म्हटलं, "ये."

"आजी, पट्टीवर विमान हाय ना!"

"असू दे. सरकून घेईन तो थोडा."

दारात आलेल्याला थांब म्हणायची माझ्या जिभेला सवय नाही. आमच्या एका बाजेवर पाच-पाच पाहुणे बसलेत. मी ठरवून बसायचे की आता 'थांब' म्हणायचं, आणि तोंडातून 'ये'च निघायचं. एकदा तर मी विचारलं, "किती जन हायेत? चहा मांडू काय?" मधेच शेळीने गवताच्या पेंढीत तोंड घातलं. मी ओरडले, "हट, तिकडं हो!" गच्चीवरून गंभीर आवाज आला, "ही सूचना कोनाले हाय?"

तिसऱ्या दिवशी ती रडत खाली आली. "तुले मस्करी वाटते. माही परीक्षा हाय."

"मस्करी नाई पोरी, अक्कल नाई. दुसरा टॉवर पाहाय."

दुसरा कुठून येणार? डोळे पुसून ती परत वर गेली. मी काहीही बरळले तरी ती थंड आवाजात म्हणू लागली, "धावपट्टी रिकामी नाही, मी परत वर जाते." नाहीतर, "कळलं नाही, पुन्हा सांगा." आधी मला कळावं म्हणून मराठीत, मग तेच इंग्रजीत. आठवडा संपला तेव्हा तिचा घसा कुठेच अडकत नव्हता. मी होते तिथेच होते.

परीक्षा देऊन तिने फोन केला. "आजी, पास! त्यायनं मधातच भलतंच इचारलं. घसा बंदच होऊन राह्यला होता. मंग म्हनलं, हा मानूस निदान शेळीवर तं ओरडत नाई."

मी गावभर सांगत फिरले की नातीला विमानाचं बोलणं मीच शिकवलं. मुलगा एवढंच म्हणाला, "खुर्ची उचलतो, माय."

आता शिवारावरून विमान गेलं की मी तोंड मिटून घेते. सवयीने 'ये' निघून जायचं, आणि बिचारा उतरायचा आमच्या तुरीत.