कडेला भरायची लांबी

आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे गेले तेव्हा मी पन्नाशीची होते. म्हणजे अक्कल यायचं वय उलटून गेलं होतं आणि ती काही आली नव्हती. शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळं आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. इतरांना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

आमचा संडास उकिडवं बसायचा होता. आत्याबाईंना बसता येईना. पण बिछान्यात भांडं घेणं त्यांना मरणाहून वाईट. "मला दुसऱ्यानं धुवायची वेळ आली की समज, मी गेले," असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. दुकानात लोखंडी खुर्ची मिळत होती. पण मला हौस! मी म्हटलं, मधे भोक असलेला लाकडी स्टूल घरीच करते.

भवानी पेठेतल्या सुतारानं सागाचे पाय करून दिले. बैठकही सागाचीच घ्या म्हणाला, पण मला भुसा दाबून केलेला गुळगुळीत बोर्ड आवडला. त्यानं कापून दिला आणि निघताना म्हणाला, "बाई, कडेला लांबी भरा, मग रंग द्या."

हा मला मोजमाप शिकवतोय! मी ताठ मानेनं म्हटलं, "माझी लांबी चोख आहे."

"मग झालं तर," तो म्हणाला.

वरची बाजू दोन हातांत निळी तकतकीत झाली. कड मात्र रंग पीत राहिली. पाच हात दिले तरी खरखरीतच. बाळाला दूध पिताना बघावं तसं मी कौतुकानं बघत होते.

आत्याबाई एकट्या आत गेल्या, कडी लावली, आणि बाहेर आल्या त्या सुनेनं सिंहासन केलंय असं शेजारणींना सांगतच. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की आम्ही घर असं धुतो, जणू जुना राग काढतोय. त्यात स्टूलही न्हायचा. काही महिन्यांत भोकाची कड चहात बुडवलेल्या पावासारखी फुगली. मी फुगवटा अंगठ्यानं दाबला आणि त्यावर आणखी एक हात दिला. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

एका सकाळी बैठक स्क्रूंसकट उचकटली. आतून कडी होती. यांनी दार मोडेपर्यंत आत्याबाई ओल्या फरशीवर पडून होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. या वयात ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग बिछाना, भांडं आणि माझा हात. मी धुताना त्या डोळे मिटून घ्यायच्या.

मी तुटकी फळी घेऊन सुताराशी भांडायला गेले. त्यानं नखानं कड उकरली, तर भुसा गळला. "हिला लांबी कुठं भरलीय?" असं विचारून त्यानं डब्याचं झाकण काढलं. आत दाट पांढरा लगदा होता. "ही लांबी, बाई. हिनं कडेची भोकं बुजतात." इंच-फूट शिकवून हयात गेलेली बाई त्या लगद्याकडं बघत उभी राहिली.

त्या संध्याकाळी आत्याबाईंना सगळं सांगितलं, अंगठ्याचंही. त्या खुबा दुखेस्तोवर हसल्या.

"म्हंजी तुज्या गणितानं पडले व्हय मी!"

मग हसू थांबलं. भिंतीकडं बघत म्हणाल्या, "दुसरा कर. बरी झाले की बसीन."

बऱ्या होणार नव्हत्या, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तरी मी केला. कडेत बोटानं लांबी भरली, वाळू दिली, घासली, पुन्हा भरली, मग रंग. स्टूल त्यांच्या खाटेशी ठेवला. त्या पडल्या पडल्या कडेवरून बोटं फिरवायच्या. "आता न्हाय प्यायची पाणी," म्हणायच्या. त्यावर बसल्या मात्र एकदाही नाहीत. तीन आठवड्यांत गेल्या.

आता माझे गुडघे गेलेत. त्या स्टुलावर मी बसते, आतून कडी लावून. बसण्याआधी रोज कड अंगठ्यानं दाबून बघते.