मीच मी असल्याचा पंचनामा

दोन हजार तेवीस साल होतं. मी बहात्तर वर्षांचा, शाळेच्या दाखल्यावर सत्तरचा. मास्तरांनी अंदाजानं तारीख टाकली ती टाकली. शाळा माझ्या वाट्याला तिसरीपर्यंतच आली, पण तेवढ्यात सही शिकलो. आमच्या वयाची निम्मी माणसं अजून अंगठा देतात. मी कधीच दिला नाही. तहसीलला नाही, सोसायटीत नाही, बँकेत तर नाहीच. हे मी ताठ्यानं लिहितोय, ते तसंच वाचावं.

पीकविम्याचा फॉर्म भरताना सेवा केंद्रातल्या माणसानं माझ्या नावाचा एक ईमेल काढून दिला होता. तो सुनेच्या फोनमध्ये उघडायचा. वर्षभर त्यावर काही आलं नाही. मग एका दुपारी सून ओसरीवर आली.

"मामा, बँकेचं पत्र आलंय. पण जरा इचित्रच हाय."

"वाच."

तिनं वाचलं ते मला अजून पाठ आहे. "प्रिय मौल्यवान ग्राहक, तुमचे खाते लटकवण्यात आले आहे. आम्हाला तुमच्याबद्दल संशय वाटतो. तुम्ही तुम्हीच आहात हे चोवीस तासांत सिद्ध करा. त्यासाठी खालच्या निळ्या रेषेवर बोट दाबा. अन्यथा तुम्हाला कायमचे बंद करण्यात येईल. तुमची प्रेमळ, बँक."

मी उठूनच बसलो. ही बँक सोनपेठला आली तेव्हा एका खोलीत होती. तिची तिजोरी ट्रकातून उतरवायला माणसं कमी पडली, तर बाजाराला आलेला मी बैल सोडून खांदा द्यायला गेलो होतो. तीन दिवस खांदा दुखला. आणि आता ती बँक मला विचारते, तू तूच का?

घरातून आमची मंडळी म्हणाली, "अवं, दाबा की एकदा बोट आन् मोकळे व्हा."

"आजवर अंगठा दिला न्हाई, आता बोट देऊ?"

सून म्हणाली, "मामा, दाबूच नका. फसवायचे असतेत असले मेल. माझ्या भावाला बी आलता."

"वर बँकेचं चिन्ह हाय. चिन्ह कोण चोरतंय?"

ती फोन घेऊन आत गेली. बँकेनं आजवर कधी पाण्याचा ग्लास पुढं केला नाही, तिला एकाएकी प्रेम कुठून फुटलं, एवढा विचार केला असता तरी पुढचं टळलं असतं. पण मी रागात होतो, आणि रागात मला विचार करायची सवय नाही.

आता, माणूस तोच आहे हे सिद्ध करायची आमच्याकडं एकच रीत. बांधाचा वाद असो, गुरं चोरीला जावोत, वारसाची नोंद असो, पाच पंच बसवायचे, कागद करायचा, खाली सह्या घ्यायच्या. मी त्याच संध्याकाळी पाच जण बोलावले. पोलीस पाटील, माझा चुलतभाऊ, दोन शेजारी आणि मेंढरं राखणारा माझा जुना मैतर. पाटलाचं अक्षर चांगलं, म्हणून कागद त्यानं लिहिला. "आम्ही खाली सह्या करणारे पंच लिहून देतो की, आमच्या समक्ष बसलेला इसम हा तोच इसम असून त्यास आम्ही लहानपणापासून ओळखतो. तो दुसरा कोणी असल्याचे आमच्या पाहण्यात आलेले नाही."

मैतर म्हणाला, "सोभावाचं बी टाका, पाटील. एवढा हेकट गडी तालुक्यात दुसरा न्हाई. त्याच्यावून मोठा पुरावा कोणता?"

"सही कर अन् चहा पी," मी म्हणलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहा जण जीपनं सोनपेठला गेलो. मुदत दुपारपर्यंत होती. बँकेत लय गर्दी. मॅनेजर बाई दोन महिन्यांपूर्वीच नागपूरकडून बदलून आलेल्या, वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. मी पंचनामा टेबलावर ठेवला, सुनेनं उतरवून दिलेलं पत्र शेजारी ठेवलं आणि पंचांना मागं रांगेत उभं केलं.

बाईंनी पंचनामा वाचला. पुन्हा वाचला. ओठाचा कोपरा जरा हलला, तो मला दिसला. मग पत्र वाचून त्या म्हणाल्या, "काका, हे आमचं पत्र नाही. बँक असं कधीच लिहीत नाही. तुम्ही ते दाबलं नाही, हे फार चांगलं केलं."

एवढं सरळ बोलल्या होत्या. पण मला तो हललेला ओठ टोचत होता.

"चूक झाली म्हणा, मी जातो. पत्र लिहून वर न्हाई म्हणणं बरं न्हाई."

"मी खोटं बोलत नाही, काका."

"खोटंच बोलायलात तुमी!"

माझा आवाज दोन शेतं ओलांडून गड्याला हाक मारायचा आवाज आहे. सगळी बँक वळून बघायला लागली. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पंचनाम्याची घडी घातली आणि दोन्ही हातांनी मला परत दिली.

परतीच्या जीपमध्ये पाटील म्हणाला, "असल्या बाईच्या भरवशावर पैसा ठेवणं अवघडच हाय."

चुलतभाऊ म्हणाला, "म्या तर उद्याच काढून घेतो."

मी छाती पुढं काढून बसलो होतो.

दिवेलागणीला सून फोन घेऊन आली. तिला हसू आवरत नव्हतं. "मामा, तुमाला अजून तीन पत्रं आलीत."

पहिलं, ज्या बँकेची पायरी मी कधी चढलो नाही त्या बँकेचं. तिथलंही माझं खातं लटकवलेलं. तिलाही माझा संशय. शब्दाला शब्द तेच, चिन्ह तेवढं वेगळं. दुसऱ्या पत्रात परदेशातल्या कुठल्याशा दुकानानं, मी त्यांच्याकडून सोन्याचं घड्याळ घेतलं म्हणून, माझे आभार मानले होते. तिसरं तर कहरच. "सध्या बँकेच्या नावाने खोटी पत्रे येत आहेत. सावध राहा. तक्रारीसाठी खालच्या निळ्या रेषेवर बोट दाबा. तुमची प्रेमळ."

मंडळीनं पदर तोंडात धरला. "अगं बाई, किती जीव लावायल्यात तुमाला! इतकी पत्रं तर लग्नाआधी म्या बी धाडली न्हाईत."

"तुला लिहिता कुठं येत होतं?"

"म्हणूनच म्हणते."

मीही हसलो. लबाडानं काय डोकं चालवलं होतं! मग मंडळीनं तोंडातला पदर काढला आणि म्हणाली, "मंग ती बँकेतली पोरगी खरंच बोलत होती की."

माझं हसू तिथंच जिरलं. पाच पंच आणि भरलेली बँक, एवढ्यांपुढं मी एका खऱ्या माणसाला खोटं म्हणलो होतो. परक्या मुलखातून आलेली पोर. माझ्या एका शब्दावर माझा भाऊ उद्या पैसे काढणार, पाटील चार गावांत सांगणार. मला कुणी खोटं म्हणलं असतं तर मी त्याच्या घरचं पाणी सोडलं असतं.

"आता काय करता?" मंडळीनं विचारलं.

"बघू."

"बघू न्हाई. पाच माणसं घेऊन गेलतात."

मी आजवर कुणाला चुकलो म्हणलो नव्हतो. बापालाही नाही. ते म्हणतात कसं, हेच मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी चुलतभावाच्या दारात गेलो. "पैसे काढू नको. बाई खरी हाय, म्या खोटा," एवढं बाहेरूनच म्हणलो आणि तो काही बोलायच्या आत निघालो. मग पाटलाकडं, शेजाऱ्यांकडं, मैतराच्या मेंढरांच्या वाड्यावर. पहिल्या एसटीनं सोनपेठ गाठलं तेव्हा बँकेचं शटर बंद होतं. बाई स्कूटीवरून आल्या. मला बघून जरा थबकल्या.

"बाई, काल म्या चुकलो. खोटं तुमी न्हाई बोललात."

"असू द्या हो काका. आत या, चहा घ्या."

"चहा मागून. हितं कोणी न्हाई. काल माणसांपुढं म्हणलोय, आज बी माणसांपुढंच म्हणणार."

त्या नको नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. बाकड्यावर बसून राहिलो. साडेअकराला बँक कालच्याएवढी भरली. मग मी उठलो, मधोमध उभा राहिलो आणि त्याच आवाजात सगळं सांगितलं. मागं दाराजवळच्या दोघा-तिघांना नीट ऐकू गेलेलं दिसलं नाही, म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.