रहिमाबीनं लावलेली प्रतवारी

अंबडच्या त्या गल्लीत रहिमाबीच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. दारात बसून रजया शिवायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायची, हा तिचा उद्योग. त्यात तिची भाची गजाला जालन्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकायला लागली आणि रहिमाबीला नवाच चाळा मिळाला.

गजालानं सांगितलं होतं, की कोणत्या प्राण्याला नामशेष व्हायचा धोका किती, त्यावरून जगभर प्रतवारी लावतात. चिमणीची 'चिंता नाही', माळढोक 'अतिसंकटग्रस्त'. काही प्राणी जंगलातून संपले, नुसते पिंजऱ्यात उरले. त्यांची प्रत वेगळी. ज्याचं नीट काही ठाऊकच नाही, तो 'माहिती अपुरी'.

झालं! रहिमाबीनं अख्खी गल्लीच प्रतवारीला काढली. चहाच्या वासावर येणारा शेजारचा भुजंग, त्याची चिंता नाही. सांगितल्या वेळेला येणारा नळवाला अतिसंकटग्रस्त. नवऱ्याच्या, नजीरच्या, अकलेबद्दल माहिती अपुरी. नजीर बिचारा बशीतला चहा फुंकत हसला.

समोरच्या अरुंधतीवहिनींना मात्र तिनं कुठंच बसवलं नव्हतं. दोघी नव्या नवऱ्या होत्या तेव्हापासूनची देवघेव. ईदला इकडून शीरखुर्मा, दिवाळीला तिकडून अनारसे. आणि आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा दोघींचा कायदा.

मग एक दिवस वहिनींचा मुलगा वरद आईला कायमचं पुण्याला न्यायला आला. बाराव्या मजल्यावर फ्लॅट, खिडक्यांना जाळ्या. पण रहिमाबीची जीभ थोडीच गप्प बसते!

"मंग तुमची बी प्रत ठरली, वयनी. जंगलातून गेल्या, पिंजऱ्यात राह्यल्या."

वहिनी खळखळून हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी विचारलं, की पिंजऱ्यातले परत सोडतात का गं? रहिमाबीनं तिथूनच गजालाला फोन लावला. सोडतात कधीकधी, ती म्हणाली, पण सगळेच तग धरतात असं नाही.

निघायच्या दिवशी रहिमाबीनं वाटेत खायला शीरखुर्म्याचा डबा दिला. गाडी गेल्यावर गल्ली खायला उठली. त्या दिवशी तिनं सुईत दोरासुद्धा ओवला नाही.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. पोचलो, म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "रहिमाबी, तुझा डबा माझ्याकडंच आहे."

रहिमाबीनं लगेच बजावलं,

"रिकामा बिलकुल चालणार न्हाई. आन् कुरिअरनं धाडायचा न्हाई. हातानं आणून द्यायचा."

फोन ठेवून डोळे पुसत तिनं नजीरला सांगितलं, की वहिनींची प्रत आता बदलली आहे: माहिती अपुरी.