टिकमार्कसाहेब घाट उतरतात

तपासणीच्या मैदानात त्यांना सगळे टिकमार्कसाहेब म्हणत. तोंडावर नुसतं साहेब, पाठ वळली की पूर्ण पदवी. एकतीस वर्षं या माणसाने एकच काम केलं: मालवाहू ट्रक रस्त्यावर धावायच्या लायकीचे आहेत की नाहीत ते ठरवायचं. छापील कागदावर चाळीस रकाने असत. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, स्प्रिंगचे पाटे, सगळं. गाडी फाटकातून आत वळेपर्यंत साहेबांच्या पंचवीस रकान्यांत खुणा पडलेल्या असत. उरलेले पंधरा ड्रायव्हर उतरून खुर्चीपाशी पोचेपर्यंत उरकत.

खुर्ची पत्र्याच्या शेडखाली आणि गाडी पन्नास पावलांवर, उन्हात. ती पन्नास पावलं साहेबांनी कधी टाकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान शेळ्या दिसतात. साहेबांच्या तोंडासमोर पेपर असायचा. पेपराआडून ते ओरडत, "हॉर्न वाजव." खुर्चीत बसून तपासता येईल अशी गाडीत तेवढी एकच वस्तू होती. गाडीखाली शिरून बघायला सरकारने एक लांबट खड्डा बांधून दिला होता. त्यात मोडक्या खुर्च्या टाकल्या होत्या, आणि पाणी साचल्यापासून बेडूकही होते.

आता, खोटं कशाला बोला, साहेबांनी लाच कधी घेतली नाही. "मी धुतल्या तांदळासारखा," असं ते जेवताना बायकोला सांगत, आणि ते खरंच होतं. नोकरीत एक पैसा खाल्ला नाही आणि एक चाक पाहिलं नाही. त्यापेक्षा लाचखाऊ परवडला. पैसे उकळण्यासाठी का होईना, तो गाडीत खोट तरी शोधतो.

साहेब निवृत्त झाले. शाल झाली, भाषणं झाली. मग लेकीच्या शहरात, घाटाखाली, फ्लॅट घेतला होता तिकडे बिऱ्हाड हलवायचं ठरलं. ट्रक आला, सामान चढलं. बायको म्हणाली, "काचेचं कपाट माझ्या आईचं आहे. मी ट्रकमध्येच बसणार." तिला एकटीला पाठवणं बरं दिसेना, म्हणून साहेबही केबिनमध्ये चढले. जन्मात पहिल्यांदा. पायरी कुठे असते हेही ड्रायव्हरला दाखवावं लागलं.

ड्रायव्हर पन्नाशीचा, बोलका माणूस. गाडी गावाबाहेर पडल्यावर तो म्हणाला, "ओळखलंत का, साहेब? दोन महिन्यांपूर्वी आपणच पास केली ही गाडी."

"हो का?" साहेब खूश झाले. "उत्तम."

बायकोने शेजारच्या दांड्याकडे बोट दाखवलं. "हे काय हो, दादा?"

"हँडब्रेक, वहिनी. तुटलाय तो. तुम्ही खुशाल पिशवी अडकवा."

तिने पिशवी अडकवली. साहेबांनी पिशवीकडे पाहिलं, मग ड्रायव्हरच्या पायाकडे. "पायाचा ब्रेक बरा आहे ना?"

"तीन-चारदा दाबला की लागतो. पायाला सवय झालीय."

"अरे, मग दुरुस्त का नाही केलास?"

"मालकांना म्हटलं होतं की. ते म्हणाले, एवढा शिकलेला सरकारी माणूस चाळीस ठिकाणी बरोबर म्हणतोय, आणि तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतं?"

ड्रायव्हर हे टोमण्याने बोलला नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. समोर घाटाची पाटी दिसली तसे ते म्हणाले, "जरा थांबव. पाय मोकळे करतो."

गाडी थांबली. ड्रायव्हरने खाली उतरून चाकापुढे दगड लावला. साहेब उतरले ते उतरलेच. "तुम्ही व्हा पुढे. मी येतो चालत. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"घाट सात किलोमीटर आहे, साहेब."

"असू दे." मग खालच्या आवाजात बायकोला म्हणाले, "अगं, तूही उतर."

बायको हलली नाही. "या दादांना उतरता येणार आहे का? रोज याच गाडीतून जातात ते. आणि कागदावर सही तुमचीच आहे ना? मग मला कसली भीती?"

ड्रायव्हर म्हणाला, "पहिल्या गिअरवर नेतो, वहिनी. सावकाश."

ट्रक वळणाआड गेला आणि साहेब पॉलिश केलेल्या बुटांत चालू लागले. दर पाच मिनिटांनी मागून एखादा ट्रक येई. साहेब दरडीला पाठ चिकटवून उभे राहत आणि काचेवरचा पासचा कागद वाचायचा प्रयत्न करत. वाचता आला नाही तरी सही कुणाची हे त्यांना कळत होतं. हवेत जळका वास होता. ब्रेक तापल्यावर असा वास येतो हे मैदानातल्या झाडूवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. साहेबांना वाटलं, कुठेतरी कचरा पेटवलाय.

दोन तासांनी ते पायथ्याशी पोचले तेव्हा दोन्ही टाचांना फोड आले होते. ट्रक धडधाकट उभा होता. बायको टपरीच्या बाकावर चहा पीत होती. तिने त्यांना बसा म्हटलं नाही. ड्रायव्हरकडून एक पोतं मागून घेतलं, गाडीखाली अंथरलं आणि म्हणाली, "आता बघा."

"इथे? लोक बघतायत."

"बघू दे की. तुम्ही गाडी बघा."

साहेब आडवे झाले. चेहऱ्यावर ग्रीसचा थेंब पडला. बराच वेळ नुसते त्यांचे बूट दिसत होते. मग आतून आवाज आला, "ही नळी तारेने बांधलीय. ही कसली असते?"

ड्रायव्हर हसला नाही. खाली वाकून हळूच म्हणाला, "ब्रेकचीच, साहेब."

बायकोने गाडी तिथून हलू दिली नाही. मेकॅनिक बोलावला, नळी बदलून घेतली, हँडब्रेकही जोडून घेतला. बिऱ्हाड घरी पोचायला संध्याकाळ झाली; कपाटाची काच शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी साहेब टाचांना मलम लावून तक्रार लिहायला बसले. असली धोकादायक गाडी रस्त्यावर आणल्याबद्दल ड्रायव्हरवर कारवाई व्हावी, अशी.

बायकोने खांद्यावरून वाचलं. "पास कुणी केली ते कुठल्या ओळीत लिहिणार?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि टाचा फार दुखतायत म्हणून आडवे झाले.

त्यावरून माणूस काही शिकला असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. इमारतीतल्या लोकांना त्यांच्या अनुभवाचं कोण कौतुक. महिन्याभरात त्यांनी साहेबांना लिफ्टच्या देखभालीचा प्रमुख नेमलं. साहेब दर रविवारी खालच्या पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसतात, लिफ्टची घंटा वाजवायला लावतात आणि वहीत बरोबरची खूण करतात. त्यांचं घर पाचव्या मजल्यावर आहे. बायको भाजीची पिशवी घेऊन जिन्याने चढते.